माशांवरील परजीवी चपटकृमींचे वर्गीकरण : अंकुशांची साक्ष आणि जनुकांची साक्ष

प्राण्यांना नावे देणे व त्यांची वर्गवारी लावणे हे कार्य वरवर पाहता निरुपद्रवी आणि काहीसे रुक्ष वाटते. संग्रहालयातील काचपट्ट्या, सूक्ष्मदर्शक आणि मोजमापांची कोष्टके यांच्या सहवासात आयुष्य वेचणाऱ्या मोजक्या अभ्यासकांचा तो विषय आहे, अशी सर्वसामान्य समजूत असते. परंतु एखाद्या अर्ध्या मिलिमीटर लांबीच्या कृमीला कोणते नाव द्यावयाचे, या प्रश्नाच्या उत्तरावर एका संपूर्ण नदीतील मासे मारावयाचे की नाही हा निर्णय अवलंबून असू शकतो, असे सांगितले तर ते अतिशयोक्तीचे वाटेल. उत्तर युरोपात मात्र असा प्रसंग प्रत्यक्षात उद्भवला. माशांवरील परजीवी चपटकृमींचे वर्गीकरण कोणत्या पुराव्यांवर उभे आहे, शरीररचनेचा जुना पुरावा आणि जनुकांचा नवा पुरावा यांचा मेळ कोठे बसतो व कोठे बसत नाही, हे समजून घेण्यास तो प्रसंग फार उपयुक्त आहे.

चपटकृमींचे परजीवी वर्ग

चपटकृमी या संघातील प्राण्यांचे शरीर वरून खाली दाबल्यासारखे चपटे असते. त्यांना देहगुहा नसते आणि गुदद्वारही नसते. या संघातील काही प्राणी प्लॅनेरियाप्रमाणे स्वतंत्रपणे जगतात, परंतु बहुसंख्य जाती परजीवी आहेत. माशांच्या अभ्यासकाला त्यांपैकी तीन समूह वारंवार भेटतात. पहिला पर्णकृमींचा. यांच्या जीवनचक्रात गोगलगायीसारखा मृदुकाय प्राणी हा एक टप्पा असतो व पोषक प्राणी एकाहून अधिक असतात. दुसरा पट्टकृमींचा. यांना अन्ननलिका नसते व ते माशाच्या आतड्यात राहून अंगानेच अन्न शोषून घेतात. तिसरा समूह एकपोषी चपटकृमींचा. हे बहुधा माशाच्या कातडीवर, परांवर किंवा कल्ल्यांवर राहतात आणि त्यांचे सर्व आयुष्य एकाच प्रकारच्या पोषकावर जाते.

पहिला व तिसरा हे समूह दीर्घकाळ एकत्रच मानले जात. बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञ व्हॅन बेनेडेन यांनी १८५८ साली त्यांतील भेद स्पष्ट केला. ज्यांच्यात एकाच पोषकावर पिढीमागून पिढी सरळ चालते ते एक, आणि ज्यांच्यात पोषक व पिढ्यांचे रूप आळीपाळीने बदलते ते दुसरे, असे त्यांनी दाखविले. पुढे रशियन संशोधक बिखोव्स्की यांनी १९३७ साली आणि त्यानंतर १९५७ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात एकपोषी कृमींना पर्णकृमींपासून पूर्णपणे वेगळे काढले. त्यांचा मुख्य आधार डिंभांच्या अंगावरील अंकुशांचा होता. एकपोषी कृमींच्या डिंभाच्या मागच्या टोकाला सूक्ष्म अंकुश असतात, पट्टकृमींच्या डिंभालाही तसेच अंकुश असतात, आणि पर्णकृमींत मात्र ते आढळत नाहीत. यावरून एकपोषी कृमी हे पट्टकृमींचे निकटचे नातलग होत, असे अनुमान निघाले.

हे अनुमान तर्कशुद्ध होते व बराच काळ ते सर्वमान्य राहिले. जर्मन शास्त्रज्ञ एलर्स यांनी १९८५ साली आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे मांडली. या तिन्ही समूहांतील प्राणी परजीवी जीवनात प्रवेश करताना आपली मूळची लवदार त्वचा टाकून देतात व तिच्या जागी अखंड जीवद्रव्याचे एक नवे आवरण धारण करतात. ही 'नवत्वचा' तिघांच्या समान पूर्वजाची खूण होय, हे मत जनुकांच्या अभ्यासानेही उचलून धरले. परंतु त्याच जनुकीय अभ्यासांपैकी अनेकांनी बिखोव्स्कींच्या अनुमानाला धक्का दिला. त्यांच्यानुसार पट्टकृमी हे एकपोषी कृमींपेक्षा पर्णकृमींना अधिक जवळचे ठरतात. हे खरे असेल तर डिंभांचे अंकुश ही दोनच समूहांनी नव्याने मिळविलेली वस्तू नव्हे. ती सर्वांच्या पूर्वजाकडून आलेली जुनी मत्ता असून पर्णकृमींनी ती गमावली असावी. एखादा अवयव दोन प्राण्यांत सारखा आहे एवढ्यावरून त्यांचे नाते जवळचे ठरत नाही. तो अवयव नवा आहे की जुना, हेही ठरवावे लागते. शरीररचनेवर आधारलेल्या वर्गीकरणातील ही पहिली अडचण होय.

अर्ध्या मिलिमीटरचा प्राणी

दुसरी अडचण जातींच्या पातळीवर येते. तिचे उत्तम उदाहरण म्हणजे जायरोडॅक्टिलस ही प्रजाती. फॉन नॉर्डमान यांनी १८३२ साली तिची स्थापना केली. आज तिच्यात चारशेंहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. (येथे अनेक जातींचा मिळून होणारा गट या अर्थी 'प्रजाती' आणि त्यातील एक घटक या अर्थी 'जाती' असे शब्द योजले आहेत.)

या कृमीची लांबी साधारणपणे अर्धा मिलिमीटर असते. डोळे नाहीत, पोहण्यासाठी लव नाही. पुढच्या टोकाशी चिकट स्राव सोडणाऱ्या ग्रंथी असतात, आणि मागच्या टोकाशी एक चकतीसारखा पकड-अवयव असतो. या चकतीच्या मध्यभागी दोन मोठे अंकुश असतात व ते दोन आडव्या पट्ट्यांनी एकमेकांशी जोडलेले असतात. चकतीच्या कडेने सोळा छोटे अंकुश बसविलेले असतात. माशाच्या कातडीत प्रत्यक्ष रुततात ते हे कडेचे सोळा अंकुश. मधल्या मोठ्या अंकुशांचे कार्य मुख्यतः चकतीला ताण व आधार देण्याचे असते.

या प्राण्याची प्रजननपद्धती अधिक विलक्षण आहे. तो अंडी घालीत नाही. त्याच्या गर्भाशयात एक पूर्ण वाढ झालेले पिल्लू असते, त्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचे भ्रूण वाढत असते, आणि पुष्कळदा त्या भ्रूणातही आणखी एका पिढीची सुरुवात झालेली दिसते. एकात एक घातलेल्या लाकडी बाहुल्यांसारखी ही रचना आहे. फॉन सिबोल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच तिच्याकडे लक्ष वेधले होते. जन्मलेले पिल्लू आईएवढेच असते आणि ते त्याच माशाच्या अंगावर लागलीच पकड घेते. पहिले पिल्लू नराच्या संबंधाशिवाय होते. दुसरे अफलित अंड्यापासून होते. त्यापुढील पिल्ले मात्र लैंगिक संबंधातूनही होऊ शकतात. याचा परिणाम असा की, एकच कृमी एका माशावर पोहोचला तरी काही आठवड्यांत त्याची संतती शेकड्यांनी मोजावी लागते.

वर्गीकरणाच्या दृष्टीने या प्रजननपद्धतीचे महत्त्व फार आहे. परस्परांत संकर होऊन सुफल संतती होणाऱ्या प्राण्यांचा समूह म्हणजे जाती, अशी व्याख्या पाठ्यपुस्तकांतून दिली जाते. जो प्राणी पिढ्यान्‌पिढ्या जोडीदाराशिवाय वंश चालवू शकतो त्याला ही व्याख्या कशी लावावयाची? संकराची कसोटी येथे जवळजवळ निरुपयोगी होते. उरतात त्या तीन कसोट्या : शरीररचना, पोषक प्राणी आणि जनुके.

अंकुशांचे मोजमाप

शरीराचे मऊ भाग एकसारखेच असल्यामुळे आणि ते काचपट्टीवर दाबले जाताच विरूप होत असल्यामुळे या प्रजातीचे अभ्यासक पकड-अवयवातील कठीण भागांवर विसंबून असतात. मोठ्या अंकुशाची लांबी, त्याच्या टोकाचा बाक, जोडपट्टीची रुंदी आणि विशेषतः कडेच्या अंकुशाच्या विळ्याचा आकार ही मुख्य लक्षणे होत. हा विळा अवघा काही मायक्रॉन लांबीचा असतो. त्याची टाच गोल आहे की चपटी, त्याचे टोक किती पुढे झुकले आहे, यावरून जाती ओळखली जाते.

स्वीडिश शास्त्रज्ञ योरान माल्मबर्ग यांनी या पद्धतीला शिस्त लावली. १९५७ साली त्यांनी उत्तर स्वीडनमधील इंडाल नदीवरील होल्ले येथील मत्स्यसंवर्धन केंद्रातील बाल्टिक सॅमन माशांवरून एका नव्या जातीचे वर्णन केले आणि माशाच्या लॅटिन नावावरून तिला जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस असे नाव दिले. १९७० साली त्यांनी उत्सर्जन-नलिकांची मांडणी व कडेचे अंकुश यांच्या आधारे संपूर्ण प्रजातीची सहा उपप्रजातींत विभागणी केली. दरम्यान १९६० साली झिटनान यांनी तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील ग्रेलिंग माशावरून जायरोडॅक्टिलस थायमॅलाय ही जाती वर्णिली. हे दोन्ही कृमी दिसावयास अत्यंत सारखे आहेत. एक सॅमनवर राहतो, दुसरा ग्रेलिंगवर. एवढा भेद त्या काळी दोन जाती मानण्यास पुरेसा वाटला, आणि तसे वाटणे स्वाभाविकही होते.

या मोजमापांना एक मर्यादा आहे. अंकुशांची लांबी ही केवळ आनुवंशिक नसते. ज्या पाण्यात कृमी वाढतो त्याच्या तापमानाचा तिच्यावर परिणाम होतो. थंड पाण्यात वाढलेल्या कृमींचे अंकुश उबदार पाण्यात वाढलेल्यांपेक्षा मोठे असतात. हिवाळ्यात गोळा केलेले आणि उन्हाळ्यात गोळा केलेले नमुने समोरासमोर ठेवले तर एकाच जातीच्या दोन जाती केल्या जाण्याचा धोका असतो. म्हणून केवळ लांबीपेक्षा आकाराला महत्त्व द्यावे, पुष्कळ नमुन्यांची मोजमापे घ्यावीत आणि ती संख्याशास्त्रीय पद्धतीने तपासावीत, असा आग्रह पुढील काळात धरला गेला. मऊ ऊतक पाचक विकरांनी विरघळवून अंकुश स्वच्छ करण्याची रीतही त्यासाठीच रूढ झाली.

नॉर्वेतील नद्या

माल्मबर्ग यांनी १९५७ साली ज्या कृमीचे वर्णन केले तो वीस वर्षे केवळ तज्ज्ञांच्या परिचयाचा होता. बाल्टिक समुद्राला मिळणाऱ्या नद्यांतील सॅमन त्याला सहज सहन करीत असे. परंतु १९७० नंतरच्या दशकात स्वीडनमधून जिवंत मासे नॉर्वेत आणले गेले आणि त्यांच्याबरोबर हा कृमी अटलांटिक महासागराला मिळणाऱ्या नद्यांत शिरला. १९७५ साली नॉर्वेत त्याची प्रथम नोंद झाली. तेथील सॅमनचा या कृमीशी पूर्वी कधी संबंध आलेला नव्हता. समुद्रात जाण्यापूर्वी काही वर्षे नदीत वाढणाऱ्या पिल्लांवर हजारो कृमी जमू लागले. कातडी जखमी होऊन शरीरातील क्षारांचे संतुलन ढळले, जखमांतून बुरशी शिरली, आणि पिल्ले मोठ्या प्रमाणावर मेली. बाधित नद्यांतील पिल्लांची संख्या सरासरीने ८० टक्क्यांहून अधिक घटली. कालांतराने सुमारे ५० नद्यांत हा कृमी पोहोचला.

दोन ठिकाणच्या सॅमनमधील हा भेद प्रयोगांनीही सिद्ध झाला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बाल्टिक खोऱ्यातील नेवा नदीच्या सॅमनने कृमींची वाढ रोखून धरली, तर नॉर्वेतील सॅमनवर ती अनिर्बंध चालू राहिली. मासा एकाच जातीचा, कृमीही एकाच जातीचा; परंतु ज्यांचा सहवास दीर्घ होता तेथे तडजोड झाली आणि ज्यांची भेट नवी होती तेथे संहार झाला.

नॉर्वेने यावर जो उपाय योजला तो कठोर होता. या कृमीला मध्यंतरीचा दुसरा पोषक नसतो, त्याची टिकाऊ अंडी नसतात आणि माशावाचून तो फार दिवस जगत नाही. तेव्हा नदीतील सर्व मासे नाहीसे केले तर कृमीही नाहीसा होतो. १९८० नंतरच्या दशकापासून रोटेनोन हे वनस्पतिजन्य विष नद्यांत सोडून हा उपाय अनेक ठिकाणी करण्यात आला. तत्पूर्वी त्या त्या नदीच्या सॅमनचा वंश राखण्यासाठी मासे व गोठविलेले शुक्रद्रव्य वेगळे जतन केले जाते व नंतर नदीत पुन्हा बीज सोडले जाते. या शतकाच्या आरंभापासून काही नद्यांत ॲल्युमिनियम सल्फेटही वापरले गेले. योग्य प्रमाणात ते कृमीला मारते, परंतु माशाला वाचविते. यामुळे बहुतांश बाधित नद्या मुक्त झाल्या आहेत. परंतु प्रत्येक वेळी उपायापूर्वी एक प्रश्न सुटलेला असावा लागतो : नदीत सापडलेला कृमी खरोखर सॅलॅरिसच आहे काय?

जनुकांचा पुरावा

हा प्रश्न केवळ विळ्याच्या आकारावरून सोडविणे अवघड होते. सॅमन व ट्राउट यांच्यावर या प्रजातीच्या इतरही जाती असतात व त्या निरुपद्रवी असतात. नमुने थोडे, तज्ज्ञ त्याहून थोडे. म्हणून १९९० नंतरच्या दशकात डीएनएच्या कसोटीकडे लक्ष वळले.

या कसोटीचे तत्त्व सोपे आहे. डीएनए ही चार घटकांच्या दीर्घ क्रमाने बनलेली साखळी असते. काळाच्या ओघात या क्रमात बदल होत जातात. ज्या दोन प्राण्यांचे पूर्वज फार पूर्वी विभक्त झाले त्यांच्या क्रमांत भेद अधिक, ज्यांचे अलीकडे विभक्त झाले त्यांच्यात कमी. परंतु साखळीचे सर्व भाग सारख्या वेगाने बदलत नाहीत, आणि हीच गोष्ट वर्गीकरणात उपयोगी पडते. रायबोझोमच्या आरएनएची जनुके अत्यंत संथपणे बदलतात. ती वर्ग व गण यांच्यातील नाती दाखवितात. त्या जनुकांच्या मधोमध असणारे अंतरालखंड अधिक वेगाने बदलतात; ते जाती वेगळ्या करण्यास योग्य. मायटोकाँड्रियातील जनुके त्याहूनही वेगाने बदलतात व ती केवळ आईकडून येतात; म्हणून एकाच जातीतील निरनिराळ्या कुळींचा माग काढण्यास ती उपयोगी ठरतात. कोणत्या प्रश्नाला कोणता खंड वापरावा हे ठरविण्यात अभ्यासकाचे कौशल्य असते.

पहिले निष्कर्ष समाधानकारक होते. रायबोझोमच्या जनुकातील एका खंडावरून सॅलॅरिस ही जाती ट्राउटवर राहणाऱ्या इतर जातींपासून निःसंदिग्धपणे वेगळी काढता आली. एकच कृमी, तोही एका परावरून काढलेला, ओळखीला पुरेसा झाला. नदीच्या परीक्षणासाठी ही मोठीच सोय होती.

अडचण निर्माण झाली ती थायमॅलायमुळे. त्याचा तोच खंड सॅलॅरिसच्या खंडाशी तंतोतंत जुळला. अधिक वेगाने बदलणारे अंतरालखंड तपासले, तेही जवळजवळ एकरूप निघाले. ज्या खंडांनी इतर जाती सहज वेगळ्या होत होत्या ते खंड या दोघांत भेद करीत नव्हते. तेव्हा मायटोकाँड्रियातील जनुकाकडे वळावे लागले. नॉर्वे व स्वीडनमधील नमुन्यांचा अभ्यास २००३ साली आणि फिनलंड व रशियातील नमुन्यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांत भेद पुष्कळ आढळले, परंतु ते अपेक्षेप्रमाणे नव्हते. सॅमनवरील सर्व कृमी एका शाखेत व ग्रेलिंगवरील सर्व दुसऱ्या शाखेत, असे चित्र दिसले नाही. अनेक छोट्या शाखा दिसल्या. त्यांतील काही सॅमनच्या, काही ग्रेलिंगच्या, आणि त्या एकमेकींत मिसळलेल्या. नदी बदलली की शाखा बदलत होती, परंतु पोषकावरून त्यांचे दोन स्वच्छ गट पडत नव्हते. या कृमीने ग्रेलिंगवरून सॅमनवर एकापेक्षा अधिक वेळा स्थलांतर केले असावे, असा तर्क त्यावरून मांडण्यात आला. याच अभ्यासांनी नॉर्वेत हा कृमी एकदाच नव्हे तर वेगवेगळ्या मार्गांनी अनेकदा आला, हेही दाखवून दिले.

एक जाती की दोन?

यावर दोन पक्ष उभे राहिले. जाती दोनच मानाव्यात असे म्हणणाऱ्यांचा आधार वर्तनाचा होता. प्रयोगशाळेत ग्रेलिंगवरील कृमी सॅमनवर सोडले असता ते नीट वाढले नाहीत व त्यांनी सॅमनला अपायही केला नाही. ज्या नदीत ग्रेलिंगवर कृमी आहेत तेथील सॅमन पिढ्यान्‌पिढ्या सुखरूप राहतो. असे असताना केवळ डीएनएचे काही खंड जुळतात म्हणून विषारी व निर्विष यांना एकाच नावाखाली आणणे हे व्यवहारात घातक ठरेल, असे त्यांचे म्हणणे.

एकच जाती मानणाऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, अपायकारकता हे जातीचे लक्षण नव्हे. सॅलॅरिस म्हणून निर्विवाद मान्य झालेल्या कृमींतही ती सर्वत्र सारखी नसते. नॉर्वेतील एका पर्वतीय जलाशयात आर्क्टिक चार माशांवर सापडलेला सॅलॅरिसचा प्रकार प्रयोगांत सॅमनला अपाय करीत नाही असे आढळले. डेन्मार्कमधील रेनबो ट्राउटवरचा एक प्रकारही सौम्य निघाला. मग अपायकारकतेवरून जाती पाडावयाच्या तर या प्रकारांनाही नवी नावे द्यावी लागतील. २०१४ साली सूक्ष्म-आरएनएच्या जनुकस्थानांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीच्या अभ्यासांत एखाद-दुसरा खंड तपासलेला होता; येथे जनुकसंचात विखुरलेल्या अनेक स्थानांची तुलना होती. तिच्यातही दोन्ही नावांचे कृमी वेगळे पडले नाहीत, आणि त्या अभ्यासकांनी दोन्ही एकच जाती असल्याचे मत दिले.

येथे नामकरणाचा नियम लागू होतो. दोन नावे एकाच जातीची ठरली तर आधीचे नाव टिकते व नंतरचे त्याचे समानार्थी म्हणून रद्द होते. सॅलॅरिस हे नाव १९५७ चे, थायमॅलाय १९६० चे. तेव्हा टिकावयाचे ते सॅलॅरिस. परंतु सॅलॅरिस हे नाव जागतिक प्राणी-आरोग्य संघटनेच्या अधिसूचित रोगांच्या यादीत आहे. ब्रिटनसारखे देश हा कृमी आपल्याकडे येऊ नये म्हणून जिवंत माशांच्या आयातीवर निर्बंध ठेवतात. थायमॅलाय हे नाव रद्द होताच ज्या नद्यांत ग्रेलिंगवर निरुपद्रवी कृमी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत त्या सर्व नद्या एका रात्रीत 'बाधित' ठरू शकतात. नदीत काहीच बदललेले नाही. बदलले ते चिठ्ठीवरचे नाव. याउलट दोन नावे ठेवली तर ग्रेलिंगवरील कृमी निर्धोक आहे, असा गैरसमज कायदेशीर स्वरूप घेऊन बसेल. आणि त्यांतलीच एखादी शाखा उद्या सॅमनवर टिकून राहिली तर ती दृष्टीआड राहील.

या पेचातून निघण्याचा मार्ग असा की, नावावर त्याला न पेलणारे ओझे टाकू नये. जातीचे नाव नाते सांगते, ते धोका सांगत नाही. धोक्याचा निर्णय त्या विशिष्ट नदीतील विशिष्ट प्रकाराची जनुकीय कुळी आणि सॅमनवरील प्रत्यक्ष प्रयोग यांवरून व्हावयास हवा. मात्र येथेही सावधगिरी आवश्यक आहे. मायटोकाँड्रियाच्या जनुकावरून कुळी ओळखता येते, अपायकारकता ओळखता येत नाही. एकाच कुळीचे कृमी एका माशावर सौम्य व दुसऱ्यावर मारक असू शकतात.

भारतीय जलाशयांतील पट्टकृमी

या चर्चेचा भारतीय अभ्यासकांशी निकटचा संबंध आहे. मांगूर हा मासा महाराष्ट्रातील तळी व नद्या यांत सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या आतड्यात खंड न पडलेल्या, एकाच शरीराच्या आणि जननेंद्रियांचा एकच संच असलेल्या पट्टकृमींचा एक गण राहतो. चिखलातील गांडुळवर्गीय कृमी खाल्ल्याने मांगुराला त्याची बाधा होते. मोघे यांनी १९२५ साली मांगुरातूनच या गणातील एका जातीचे वर्णन केले. ती आज लायटोसेस्टस इंडिकस या नावाने ओळखली जाते. पुढील दशकांत भारतात, आणि त्यातही मराठवाड्यासह महाराष्ट्राच्या अनेक भागांत, या कृमींचा उत्साहाने अभ्यास झाला व नव्या जातींची संख्या झपाट्याने वाढत गेली.

२०११ साली भारत, इंडोनेशिया व थायलंड येथील ताजे नमुने आणि संग्रहालयांतील जुने नमुने यांचा एकत्र अभ्यास करून मांगुरावरील या जातींची फेरतपासणी झाली. तिच्यात केवळ आठ जाती ग्राह्य ठरल्या, आणि पन्नासाहून अधिक नावे त्यांचीच समानार्थी असल्याचे मत देण्यात आले. एवढी तफावत का पडावी? वृषणांची संख्या, मानेची लांबी, अंडाशयाचा आकार ही लक्षणे भेदासाठी वापरली गेली होती. ही लक्षणे कृमीच्या वयाबरोबर बदलतात. मासा मेल्यानंतर कृमी उशिरा काढला तर तो सैल पडतो; काचपट्टीखाली दाबला तर त्याची रुंदी वाढते व अवयव सरकतात. जिवंत कृमी गरम फॉर्मालिनमध्ये न दाबता स्थिर केला तर त्याचा जो आकार दिसतो, तो दाबून रंगविलेल्या नमुन्यात दिसत नाही. याशिवाय अनेक वर्णनांचे मूळ नमुने सार्वजनिक संग्रहालयात ठेवलेले नव्हते; त्यामुळे त्यांची पडताळणी करणेच अशक्य होते.

जायरोडॅक्टिलसच्या अंकुशांबाबत तापमानाने जे केले तेच येथे स्थिरीकरणाच्या पद्धतीने केले. दोन्हींत प्राण्याच्या परिस्थितीतील भेद हा जातींतील भेद म्हणून वाचला गेला. मात्र यावरून आधीच्या अभ्यासकांचे श्रम व्यर्थ गेले असे म्हणता येणार नाही. कोणत्या माशात, कोणत्या जलाशयात, कोणत्या ऋतूत कृमी आढळला याच्या त्यांनी केलेल्या नोंदी आजही मोलाच्या आहेत. नावे गळली तरी नोंदी राहतात.

दोन्ही साक्षींचा मेळ

शरीररचना जुनी व म्हणून कमअस्सल, जनुके नवी व म्हणून निर्णायक, असा समज आज पुष्कळदा दिसतो. तो योग्य नाही. डीएनएचा क्रम हा स्वतः निनावी असतो. त्याला नाव मिळते ते ज्या कृमीतून तो काढला त्याच्या ओळखीवरून. ती ओळख चुकली असेल तर चुकीचे नाव जनुकांच्या सार्वजनिक संग्रहात शिरते आणि पुढील प्रत्येक तुलनेत तीच चूक पुनःपुन्हा खरी म्हणून पुढे येते. अंकुशावरील चूक एका लेखापुरती राहते. संग्रहातील चूक संक्रामक असते.

म्हणूनच आज एकाच कृमीचे दोन भाग करण्याची रीत रूढ झाली आहे. जायरोडॅक्टिलसच्या बाबतीत पकड-अवयव कापून तो काचपट्टीवर कायम जतन करतात व उरलेल्या शरीरातून डीएनए काढतात. पट्टकृमीच्या बाबतीत शरीराचा एक छोटा तुकडा शुद्ध मद्यार्कात ठेवून बाकीचा भाग रंगवून जपतात. अशा रीतीने अंकुश व जनुक यांची साक्ष एकाच प्राण्याची असते. पुढे शंका आली तर काचपट्टी काढून पाहता येते. यासाठी फार मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही. मासा ताजा असावा, त्याची ओळख पक्की असावी, कृमी न दाबता स्थिर करावा, त्याचा एक भाग मद्यार्कात ठेवावा, पाण्याचे तापमान व दिनांक नोंदवावा आणि मूळ नमुना मान्य संग्रहालयाच्या स्वाधीन करावा. क्रमवाचन आज ना उद्या होऊ शकते. फॉर्मालिनमध्ये वर्षानुवर्षे राहिलेल्या नमुन्यातून मात्र उपयुक्त डीएनए मिळविणे फार दुष्कर असते.

सारांश, परजीवी चपटकृमींच्या वर्गीकरणात कोणतीही एक कसोटी स्वयंपूर्ण नाही. शरीररचना परिस्थितीने बदलते, पोषक प्राणी बदलता येतो, आणि जनुकांचा प्रत्येक खंड आपापल्या वेगानेच बोलतो. तिन्ही साक्षी एकमुखाने बोलतात तेथे निर्णय सोपा असतो. त्या विसंवादी असतात तेथे घाईने नवे नाव देणे किंवा जुने नाव पुसणे यांपैकी काहीही करण्यापूर्वी त्या विसंवादाचे कारण शोधणे हेच वर्गीकरणशास्त्रज्ञाचे खरे काम होय. नॉर्वेतील नदीकाठच्या मासेमाराला सॅलॅरिस व थायमॅलाय यांतील वाद ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या नदीत पुढील वर्षी सॅमन असेल की नाही, हे काही अंशी या वादाच्या निर्णयावर अवलंबून असते.